जिभेवरची उंची

गणपतअण्णा फळाचा एकच चावा घेत, डोळे मिटत आणि थोड्या वेळानं एक आकडा सांगत. "पाच हजार चारशे." बस्स, एवढंच. फळ गोड आहे की आंबट, कुठल्या बागेतलं आहे, कुणी पाठवलं आहे, यातलं काहीच नाही. डोळे उघडून खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसत आणि पुढच्या खोक्याकडे वळत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नोकरीला लागून मला चारच दिवस झाले होते. बंगळुरात सर्जापूर रस्त्याला तेव्हा नाचणीची शेतं होती आणि त्यांच्या मध्ये आमची जॅमची फॅक्टरी होती. मी जालन्याची. वडील बियाण्यांच्या गोदामात पोती उचलायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि बी.एस्सी. झालेली तर आमच्या अख्ख्या गल्लीत पहिली. हे मी तेव्हा कुणी विचारलं नाही तरी सांगायची, आजही सांगते. त्यात लाजायचं काय? तर फॅक्टरीच्या लॅबमध्ये मला पांढरा कोट मिळाला होता आणि आलेल्या मालाचं रजिस्टर माझ्याकडे होतं. त्या दिवशी अंगणात प्लमची खोकी उतरत होती. मी एक हिरवट फळ उचलून त्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, "हे काय?"

"हो, काई," ते म्हणाले.

"हो, पण काय?"

"काईच की! हण्णु व्हायला अजून आठ दिवस."

मला वाटलं माझी थट्टा चाललीय. कन्नडमध्ये काई म्हणजे कच्चं फळ आणि हण्णु म्हणजे पिकलेलं, हे मला संध्याकाळी कळलं. पण त्याआधी त्यांनी चावा घेऊन "पाच हजार चारशे" म्हटलं होतं आणि मी रजिस्टरमध्ये नगांच्या रकान्यात सरळ ५४०० लिहून टाकलं होतं. स्टोअरवाल्यानं ते वाचून दाखवलं तेव्हा अंगणातली सगळी माणसं हसली. अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, "अक्का, हे फूट आहेत. झाड किती वर उभं आहे ते. नग मोजायला देवानं तुम्हाला बोटं दिलीत, मला जीभ दिली."

त्यांचं सगळं बोलणं असंच असायचं. मराठी तर मराठीच, पण 'थोडं' म्हणायचं तर स्वल्प, 'बरं' म्हणायचं तर सरी, आणि मी वयानं त्यांच्या नातीएवढी असून मला अक्का. त्यांचं घर चामराजपेटेत होतं, बंगळुरात त्यांची चौथी पिढी. पणजोबा साताऱ्याकडून आले असं म्हणत, पण साताऱ्याकडच्या कुठल्या गावाहून, ते घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "गोत्तिल्ला, ठाऊक नाही. पण उंची विचाराल तर सांगतो, दोन हजारापेक्षा वरचं असणार. आम्हाला उकाडा सोसत नाही." हे ते गंमतीनं म्हणाले की मनापासून, ते मला तेव्हा कळलं नाही.

निलगिरीतल्या बागांचा माल ते आमच्या फॅक्टरीला आणून देत. त्यांचं काम एवढ्यावर संपत नसे. कुठलं खोकं जॅमला घ्यायचं आणि कुठलं सरबताला, ते अण्णांची जीभ ठरवायची. वरच्या थंडीत हळूहळू वाढलेलं प्लम आंबट आणि घट्ट, त्याचा जॅम छान धरतो. खालच्या उबेत भराभर पिकलेलं गोड आणि पाणचट, त्याचा जॅम चमच्यावरून ओघळतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकात फूट नव्हते. माझ्याकडे रसाचा एक थेंब ठेवून डोळ्याला लावायची नळी होती, तिच्यातून साखर कळायची. काचेच्या उभ्या नळीतून थेंब थेंब सोडून आंबटपणा मोजायची. अण्णा दारातून डोकावत आणि विचारत, "काय अक्का, मिशीन काय म्हणते?"

"साखर बारा म्हणते."

"सरी. आणि घर कुठं म्हणते त्या फळाचं?"

"ते कसं सांगेल?"

"मग नुसतं गोड विचारून काय उपयोग? पाहुण्याला आधी गाव विचारायचं असतं."

मला राग यायचा. शिकलेल्या माणसाला अडाणी माणसानं असं काही म्हटलं की येतोच. पण अण्णांनी जॅमला पाठवलेलं खोकं कधी ओघळलं नाही आणि माझ्या आकड्यावर पाठवलेलं दोनदा ओघळलं, हेही खरं. कसं, ते मला समजत नव्हतं.

त्यांचं पंचांगही आपल्यासारखं नव्हतं. त्यांचे महिने डोंगर चढत जायचे. एप्रिल संपताना म्हणत, "सीझन चार हजारावर आलाय." जूनमध्ये, "आता सहाच्या पुढं गेला, दमला असेल." एक हजार फूट म्हणजे पंधरा दिवस, असा त्यांचा हिशोब होता. खाली पिकलं की वर पिकायला लागतं, माणसंही त्याच्यामागं वर वर जातात. आपण इथं बंगळुरात तीन हजारावर बसलोय, असं ते सारखं सांगत, जणू आम्ही सगळे एखाद्या जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेलो आहोत.

दोन वर्षं अशी गेली. तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत अण्णा तापानं आजारी पडले आणि त्यानंतर बरेच दिवस फॅक्टरीत आले नाहीत. सीझन तोंडावर आला. एका रविवारी मी बस पकडून चामराजपेटेत गेले. खाली पिठाची गिरणी, बाजूनं अरुंद दार. दारात त्यांची सून रुक्माक्का पिठाच्या हातांनी उभी होती.

"अण्णा आहेत का?" मी विचारलं.

"अण्णा मेले," ती म्हणाली.

माझ्या हातातली संत्र्यांची पिशवी खाली पडली. मी दाराची चौकट धरली.

"कधी?"

"आत्ताच, जेवून."

"जेवून?"

"हो ना. दोन चपात्या खाल्ल्या आणि मेले गेले." संत्री गोळा करत ती म्हणाली, "तुम्ही पण मेले जा की. मी चहा घेऊन येते."

 या बाईला वेड लागलंय की मला, ते समजेना. तेवढ्यात वरून खोकल्याचा आवाज आला आणि अण्णांनी हाक मारली, "रुक्मा, कोण आलंय?" मेले म्हणजे कन्नडमध्ये वर. अण्णा गच्चीवर होते. रुक्माक्काला माझ्या तोंडाकडे बघून चूक कळली आणि ती तोंडाला पदर लावून हसत आत पळाली. मी जिना चढताना डोळे पुसत होते आणि मलाही हसू येत होतं.

वर गेले आणि हसू थांबलं. अण्णा सतरंजीवर बसले होते. समोर ताट, ताटात मीठ, साखर, चिंच, कॉफीची पूड, थोडी कडुनिंबाची पानं. त्यांनी माझ्यासमोर दोन पानं तोंडात टाकली आणि विड्याचं पान चावावं तशी शांतपणे चावली. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही.

"सगळं पाणी झालंय अक्का," ते म्हणाले. "तापानंतर. डॉक्टर म्हणतात येईल परत, नाहीतर येणारही नाही. परवा सून आमटीत मीठ विसरली. मी म्हटलं, फार छान झालीय. तेव्हापासून ती माझ्याकडे बघते."

"घरात सांगितलं नाही?"

"घरात सांगितलं की पेटेत कळतं. पेटेत कळलं की वर डोंगरात. तिथली माणसं पावती मागत नाहीत, चिठ्ठी मागत नाहीत. गणपतअण्णा चावून सांगेल, म्हणून माल देतात. जीभ गेली म्हणजे मी काय, नुसता खोकी आणणारा हमाल झालो."

माझे वडील हमाल. ते मला टोचलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. अण्णांनी लगेच हात जोडले. "तप्पायतु, चुकलं माझं. हमालाला निदान पाठ असते. माझ्याकडे ही एकच वस्तू होती."

मग त्यांनी मला जे विचारलं ते चुकीचं होतं की बरोबर, याचा निकाल मी आजवर लावू शकलेले नाही. खोक्यांवर गावाचं नाव नसे, बागाबागांचा माल मिसळून यायचा; तेव्हा सीझनमध्ये ते प्रत्येक खोक्यातलं एकेक फळ डब्यात घालून सकाळी मला आणून देणार. मी साखर आणि आंबट मोजून आकडे सांगणार. त्यावरून ते उंची ओळखणार आणि दुपारी अंगणात सगळ्यांसमोर चावा घेऊन सांगणार. मी पगार घेत होते फॅक्टरीचा. पण फॅक्टरीचं यात नुकसान काय होतं? तोच माल, तीच तपासणी, फक्त थोडी आधी. असं मी मनाशी म्हणायची, आणि डबा उघडताना मात्र दार लोटून घ्यायची. चोरी नसेल तर दार कशाला लोटायचं?

पण ते जमेना. पाऊस झाला की साखर उतरायची. उन्हाच्या बाजूची बाग आणि सावलीची बाग, दोघी एकाच उंचीवर, आकडे वेगळे. पहिल्याच आठवड्यात अण्णा साडेचार हजाराच्या मालाला सहा हजार म्हणाले. मी वेळेत खोकं बदललं म्हणून निभावलं. संध्याकाळी ते गेटजवळ म्हणाले, "मिशीनला आजचं कळतं. जिभेला अख्खं वर्ष कळतं. अक्का, तुमचीच जीभ तयार करू या."

"माझी?"

"मग काय गिरणीवाल्याची?"

म्हणून मे महिन्याच्या शेवटी अण्णा, रुक्माक्का आणि मी म्हैसूरमार्गे उटीला गेलो. मी डोंगर असा पहिल्यांदाच पाहत होते. रुक्माक्काला घाटात ओकाऱ्या झाल्या आणि ती दर वळणाला सासऱ्याला ऐकवत होती, "लोकांचे सासरे काशीला नेतात, आमचे प्लम चावायला नेतात." अण्णांनी तिला सांगितलं होतं की अक्कांना फॅक्टरीसाठी बागा बघायच्या आहेत. तिनं विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही. ती शहाणी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अगदी वरून सुरुवात केली आणि छोट्या बसनं टप्प्याटप्प्यानं खाली उतरत गेलो. वर प्लम गोटीसारखं हिरवं आणि कडक होतं. धुकं इतकं की झाड दिसायच्या आधी फळ हाताला लागायचं. "इथं अजून मार्च चाललाय," अण्णा म्हणाले. थोडं उतरलो तर फळाच्या गालावर लाली. आणखी खाली कुन्नूरच्या बाजूला झाडं लालभडक आणि बायका टोपल्या भरत होत्या. "इथं मे." तिथून उतरलो ते थेट फणस, मिरी आणि केळीत, घामानं माझी पाठ भिजली. तिथं प्लमचं एकही झाड नव्हतं. अण्णांनी हातानं गोल दाखवलं. "इथं झाडाला झोप नाही. वर थंडी पडते, पानं गळतात, झाड झोपतं. झोपलं तरच फुलतं. इथं ते बिचारं बारा महिने जागं. जाग्या झाडाला फूल कुठून येणार?"

एका दिवसात मी तीन महिने उतरून आले होते. महिने भिंतीवरच्या कॅलेंडरात असतात की डोंगरावर, हेच मला कळेनासं झालं. मधल्या गावात चार बायका गाठोडी घेऊन रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. त्यांची खालची तोडणी संपली होती आणि त्या वरच्या बागांकडे निघाल्या होत्या. अण्णा त्यांच्याशी तमिळ-कन्नडची खिचडी करून बोलत होते. एकीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मी विचारलं, कधी? अण्णांनी विचारून सांगितलं, "सात हजारावरचं संपलं की." तारीख तिलाही सांगता येईना.

आणि मग त्यांनी मला आपली युक्ती सांगितली. आजवर कुणाला सांगितली नव्हती, असं म्हणाले.

"चावा घ्यायचा आणि मोजायचं. आधी आंबट येणार. इथं, कानाच्या खाली, जबडा ओढणार. मग गोड कधी येतं त्याची वाट बघायची. खालचं फळ अधीर असतं. एक म्हणायच्या आत गोड. वरचं उशीर लावतं. एक, दोन, तीन, चार... गोड जेवढ्या उशिरानं येईल तेवढं झाड उंच."

मी रसायनशास्त्र शिकलेली मुलगी. माझ्या माहितीत असा कुठलाही नियम नाही. साखर आणि आंबट एकाच रसात असतात, एकाच वेळी जिभेला लागतात. मी तसं सांगितलं.

"सरी," ते म्हणाले. "आता चावा."

मी चावलं. आंबट आलं, जबडा ओढला. एक. दोन. तीन. आणि मग खरंच, मागून, जिभेच्या मुळाशी गोड आलं. त्यांनी सांगितलं म्हणून आलं की आधीपासून तसंच येत होतं, देव जाणे. संध्याकाळपर्यंत मी वीसेक फळं चावली, दात आंबले, आणि डोळे मिटून वरचं-खालचं सांगायला लागले. दर वेळी अण्णा माझ्या तोंडाकडे असे बघत होते जसा भुकेला माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो. मी त्यांना विचारलं, "तुम्हाला काहीच लागत नाही?" ते म्हणाले, "तुमचा जबडा ओढला की माझा ओढतो. तेवढं पुरे."

त्यानंतर दोन सीझन असेच काढले. सकाळी मी लॅबमध्ये दार लोटून चावा घ्यायची आणि चिठ्ठीवर आकडा लिहायची. दुपारी अण्णा डोळे मिटून तोच आकडा सांगायचे. कधीकधी माझ्या आकड्यात शंभर मिळवायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "अक्का, तुम्हाला घाई असते." एकही जॅम ओघळला नाही. हे मी शपथेवर सांगते.

मग मुंबईहून दिघे साहेब मॅनेजर म्हणून आले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना प्रत्येक गोष्ट कागदावर लागायची. अण्णांचं चावणं त्यांनी आठवडाभर पाहिलं आणि एका दुपारी सगळ्यांसमोर अंगणात टेबल मांडलं. माल आणणारे दुसरे तिघे-चौघे होते, स्टोअरवाला होता, मी होते. टेबलावर एकच प्लम.

"गणपतजी, हे आज आलेल्या नव्या बागेचं आहे. गाव कुठलं ते चिठ्ठीत आहे, चिठ्ठी माझ्या खिशात. तुम्ही उंची सांगा. कसं आहे, हे सायंटिफिक आहे की नुसता गेस, ते एकदा क्लिअर होऊ दे."

हे फळ माझ्याकडे डब्यात आलं नव्हतं. अण्णांनी ते उचललं, चावलं, डोळे मिटले. त्यांचे ओठ मोजत होते, पण कशाची वाट बघत होते? कुणीतरी मागून खुसखुसलं.  मग त्यांनी डोळे उघडले आणि टॉवेलनं तोंड पुसलं.

"इल्ला सर, नाही सांगता येत. जीभ गेलीय. दोन वर्षं झाली. इतके दिवस अंदाजानं बोलत होतो."

 अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला कळलं की ते मला यातून अलगद बाहेर काढतायत. मी गप्प राहिले असते तर माझी नोकरी सुखरूप होती आणि डोंगरातल्या प्रत्येक बागेत गणपतअण्णा फसवत होता असं पोचलं असतं. माझ्या पगाराची मनीऑर्डर जालन्यात पोस्टमन मोठ्यानं ओरडून द्यायचा, ते आठवलं.  पण खोटं ऐकून घ्यायची सवय मला नाही.

"अंदाज नव्हता साहेब," मी म्हणाले. "आकडे मी सांगत होते. चावून."

दिघे साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही? लॅबमधून?"

"हो."

"मग सांगा," त्यांनी तेच प्लम, अण्णांनी चावलेलं, माझ्यापुढे सरकवलं.

मी दुसऱ्या बाजूनं चावलं. आंबट. जबडा ओढला. एक. दोन. तीन. छाती इतकी धडधडत होती की मी मोजत होते ते आकडे की ठोके, ते समजेना. चार. पाच? गोड आलं, की यावं असं मला वाटलं?

"सहा हजार दोनशे," मी म्हणाले.

साहेबांनी चिठ्ठी उघडली. वाचली. "कडलेहट्टी." त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "या गावाची उंची किती आहे?"

कुणालाच माहीत नव्हती. स्टोअरवाल्यानं मान हलवली. बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले आणि मग एकेक करून सगळ्यांच्या नजरा अण्णांकडे वळल्या, कारण त्या डोंगरातली गावं फुटांत ठाऊक असलेला माणूस तिथं एकच होता. साहेबांनाही शेवटी त्यांच्याकडेच बघावं लागलं.

अण्णा म्हणाले, "बरोबर. सहा हजार दोनशे."

माझी नोकरी राहिली. साहेबांनी मला खोलीत बोलावून बरंच ऐकवलं, आणि पुढच्या सोमवारपासून अंगणात चावा घ्यायचं काम कागदोपत्री माझ्याकडे आलं. अण्णांनी मात्र त्या दिवसानंतर यायचं सोडलं. पुढच्या पावसाळ्यात ते चामराजपेटेतच वारले. जीभ शेवटपर्यंत परत आली नाही, असं रुक्माक्का म्हणाली. तिला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. आमटीत मीठ ती विसरली नव्हती.

पण अंगणात टेबल मांडलं त्या दुपारी मी त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत गेले होते. नाचणीच्या शेतावरून गार वारा येत होता. बस दिसायला लागली तेव्हा मी विचारलं, "अण्णा, खरं सांगा. कडलेहट्टी सहा हजार दोनशेवर आहे?"

"तुमच्या जिभेला काय लागलं?"

"सहा हजार दोनशे."

"मग मला कशाला विचारता?" असं म्हणून ते दांडा धरून बसमध्ये चढले, आणि खिडकीतून त्यांनी हात हलवला.

पुढे फॅक्टरीच्या ऑफिसात डोंगराचा मोठा नकाशा आला. त्यावर गावोगावच्या उंच्या बारीक अक्षरात छापलेल्या होत्या. मी रोज त्याच्यासमोरून जायची. खालून वर बोट फिरवत मी पुष्कळ गावं शोधली. ते एक शोधलं नाही.